दबा धरून बसलेल्या मांत्रिकाचे शिष्टाचार

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या मंडळींची दोस्ती दोन गोष्टींवरून तुटते: लुटीची वाटणी आणि मांत्रिकाने दबा धरून केलेला हल्ला. पहिलीला वही-पेन्सिल हा उतारा आहे. दुसरीला उतारा सापडत नाही, कारण तिथे दोन्ही बाजू नियमाने बरोबर असतात. चार जणांनी ऑफिस, सासर आणि ट्रॅफिक यांच्यातून वाट काढून एक शनिवार मोकळा केलेला असतो. डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणजे या खेळातला निवेदक, पंच आणि यच्चयावत राक्षसांचा कुलमुखत्यार, पडद्याआडून गोड आवाजात सांगतो, “तुम्ही खिंडीत शिरलात. तुम्ही सगळे सरप्राइज्ड आहात. इनिशिएटिव्ह टाका.” (इनिशिएटिव्ह म्हणजे कुणाची पाळी आधी, हे ठरवणारा फासा.) पुढच्या पाच मिनिटांत झाडीतला कुणीही न पाहिलेला मांत्रिक आधी थंडीची लाट सोडतो, मग आगीचा गोळा, आणि लाडाकोडात वाढवलेली चार पात्रं आधी गोठतात, मग भाजतात. त्यानंतर पुस्तकं उघडतात. “इथे स्पष्ट लिहिलंय” आणि “लिहिलंय, पण त्याचा अर्थ तसा नाही” यांची जुगलबंदी सुरू होते, आणि खेळापेक्षा ती जास्त वेळ चालते.

माझं म्हणणं साधं आहे. घात न्याय्य की अन्याय्य, हे शत्रू किती बलवान होता यावर ठरत नाही. पहिला मंत्र पडण्याआधी खेळाडूंना निदान एक खरा निर्णय घेता आला का, आणि तो पडल्यावर निदान एक खरी पाळी खेळता आली का, एवढंच पाहायचं. हे दोन्ही मिळालं तर अख्खी पार्टी, म्हणजे खेळाडूंची सगळी पात्रं, मेली तरी लोक पुढच्या शनिवारी नवी पात्रं घेऊन हजर होतात आणि आपल्याच मरणाच्या कथा चवीने सांगतात. यातलं काहीच मिळालं नाही तर लढाई जिंकूनही घरी जाताना तोंडं वाकडीच. निर्णय खरा हवा, हेही महत्त्वाचं. “डावीकडून जाता की उजवीकडून?” असं विचारायचं आणि दोन्हीकडे तोच मांत्रिक बसवायचा, याला निर्णय देणं म्हणत नाहीत. त्याला जनमत चाचणी म्हणतात.

गाफील गाठलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न या खेळाला जन्मापासून छळतो आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला तेव्हा तो शिशाच्या सैनिकांनी टेबलावर लढायांचे खेळ मांडणाऱ्या लोकांच्या घरातून आला होता, आणि त्या लोकांना अचानक हल्ल्याचं भारी कौतुक. सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक किंवा दोन आला की तुम्ही गाफील. म्हणजे तीनातून एकदा. पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत एका मिनिटाच्या फेरीचे दहा तुकडे केले, प्रत्येक तुकडा सहा सेकंदांचा, आणि तुम्ही किती तुकडे गाफील राहिलात याचा हिशेब ठेवला. टॅक्सचा फॉर्म भरायची आवड असणाऱ्यांना तो फार भावला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फासा शत्रूच्या हाती गेला: लपणाऱ्याने स्टेल्थ (लपण्याचा फासा) टाकायचं, आणि ते तुमच्या पॅसिव्ह पर्सेप्शनपेक्षा (फासा न टाकता धरलेल्या सावधपणाच्या आकड्यापेक्षा) वरचढ ठरलं तर तुमची पहिली पाळी गेली. हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत देता येणारं झटपट उत्तरही, नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हे सगळं एका ओळीवर आलं: गाफील माणसाने इनिशिएटिव्ह दोन फाशांनी टाकायचं आणि त्यातला कमी आकडा घ्यायचा. बस्स. पाळी कुणाचीच जात नाही.

जुनी खोडं यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते खेळ बाळबोध झाला आणि उद्या गोब्लिन हल्ल्याआधी दारावरची बेल वाजवतील. पण पन्नास वर्षांत नियम एकाच दिशेने सरकले असतील तर त्यामागे लाडावलेले खेळाडू आहेत की चुकलेलं गणित, हे तपासून बघायला हरकत नाही. मला तरी गणितच दिसतं.

चौघांची पाचव्या लेव्हलची पार्टी घ्या. बेताच्या तब्येतीच्या विझार्डकडे २७ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, असतात, धडधाकट फायटरकडे ४४. समोर २०१४ च्या पुस्तकातला साधा ‘मेज’, म्हणजे मांत्रिक, ठेवा, ४० हिट पॉइंटांचा. पुस्तकाच्या हिशेबाने तो २,३०० एक्सपीचा (अनुभवगुणांचा) आहे. चौघा पाचव्या लेव्हलवाल्यांसाठी मध्यम लढाई २,००० ला सुरू होते आणि कठीण ३,००० ला, त्यामुळे हा गृहस्थ कागदावर मध्यम ठरतो. पार्टी गाफील असेल तर एक पायरी वर मोजा, असंही डीएमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणजे झाला कठीण, पण जीवघेणा नाही. आता टेबलावर काय होतं ते पाहू. इनिशिएटिव्हमध्ये मांत्रिक वर आला तर त्याची पाळी, मग पार्टीची वाया गेलेली पाळी, मग पुन्हा त्याचीच पाळी. चौघांपैकी कुणी तलवारीला हात लावायच्या आत त्याचे दोन मंत्र झालेले असतात. पहिला कोन ऑफ कोल्ड, सरासरी ३६. दुसरा फायरबॉल, सरासरी २८. एकूण ६४. फायटरने एक सेव्हिंग थ्रो, म्हणजे मार निम्म्यावर आणणारा बचावाचा फासा, साधला तरी त्याला ४६ किंवा ५० लागतात आणि तो ४४ वर आडवा होतो. आणि विझार्ड? त्याने दोन्ही सेव्ह साधले, दैव, फासे आणि पूर्वजांची पुण्याई सगळं एकदम कामी आलं, तरी १८ आणि १४ मिळून ३२ होतात. त्याच्याकडे आहेत २७. दोन्ही परीक्षांत पास झालेला विद्यार्थी नापास म्हणून घरी पाठवला जातो, आणि निकालपत्रावर लिहिलेलं असतं: कठीण, पण जीवघेणा नाही.

यात मांत्रिकाच्या ताकदीचा दोष नाही. हाच मेज समोरासमोर आला असता तर पार्टीने पांगापांग केली असती, कुणी दगडाआड गेलं असतं, कुणी बाण मारले असते, विझार्डने काउंटरस्पेलने त्याचा एक मंत्र खोडून काढला असता, आणि चाळीस पॉइंटांचा तो देह फार वेळ उभा राहिला नसता. काउंटरस्पेल ही रिॲक्शन आहे. शील्डही रिॲक्शनच. जुन्या नियमात गाफील माणसाकडे रिॲक्शन नसते. म्हणजे मंत्राला खेळाने दिलेलं उत्तर नेमकं मंत्राच्याच घातात काढून घेतलं जातं. धनुष्यबाणवाल्या लुटारूंचा घात आणि मांत्रिकाचा घात यांत हाच फरक आहे. बाण एकाला लागतो, उरलेले तिघे खेळत राहतात. फायरबॉल वीस फुटांच्या त्रिज्येत सगळ्यांना एकदम पकडतो, आणि खिंडीतून ओळीने चाललेली पार्टी वीस फुटांत सहज मावते.

तरी जाळणारे मंत्र परवडले, असं म्हणायची पाळी झोपवणारे आणि जखडणारे मंत्र आणतात. भाजलेला खेळाडू निदान ओरडतो, किती लागलं ते खोडरबराने खोडून लिहितो. होल्ड पर्सनने जखडलेला नुसता बसतो. मंत्र एक मिनिट टिकतो, म्हणजे दहा फेऱ्या. प्रत्येक पाळीच्या शेवटी एक फासा टाकायचा, “नाही सुटलात” हे ऐकायचं, आणि फोन उचलायचा. जवळून मारलेला प्रत्येक घाव आपोआप क्रिटिकल, हे वर. हिप्नॉटिक पॅटर्न हाच प्रकार घाऊक भावात करतो. शनिवार मोकळा केलेल्या माणसाला पाऊण तास स्वतःच्या पात्राचा पुतळा पाहायला लावणं हा त्या पात्राच्या मरणापेक्षा मोठा गुन्हा आहे. मेलेला माणूस निदान नवं पात्र बनवायला घेतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही हे उमगलेलं दिसतं. २०१४ च्या स्लीपला सेव्हच नव्हता. पाच आठ-बाजूंचे फासे टाकायचे, सरासरी २२, आणि सगळ्यात कमी हिट पॉइंटवाल्यापासून माणसं झोपवत जायचं. पहिल्या लेव्हलच्या पार्टीत ८, ९, ११ आणि १२ पॉइंटांचे लोक असतील तर ८ आणि ९ वाले तिथल्या तिथे घोरू लागतात. एल्फ असेल तर तो वाचतो, त्याला जादूने झोप येत नाही. २०२४ मध्ये स्लीपला सेव्ह आला आणि त्याचा घेर आक्रसला.

आता आधीच्या निर्णयाकडे. याचा धडा २०१४ च्या स्टार्टर सेटमधल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ने पहिल्याच लढाईत दिला आहे. पार्टी ट्रायबोर ट्रेलवरून गाडी घेऊन चालली आहे. वळणावर रस्त्यात दोन मेलेले घोडे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. झाडीत चार गोब्लिन. पार्टीने घोडे पाहायला जवळ जायचं, की गाडी थांबवून आधी झाडी पाहायची, की मागे फिरायचं, हे पार्टीने ठरवायचं आहे. अगदी नवखा खेळाडू असला तरी घोडा बाणाने मेला म्हणजे बाण कुणीतरी मारला, एवढं त्याला कळतं. शिवाय लेखकांनी एक सोय करून ठेवली आहे: गोब्लिन जिंकलेच तर ते पार्टीला बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. पुस्तकाच्या मते असं क्वचितच घडेल. पहिल्या लेव्हलला गोब्लिनांच्या बाणांनी पार्ट्या कशा लोळतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या ‘क्वचित’वर हसू येतं, पण त्या लढाईला कुणी अन्याय म्हणत नाही. घोडे दिसले होते ना?

मांत्रिकाच्या घातात घोड्यांची जागा कशाला द्यायची? डीएम इथे अडतात, कारण जादू अदृश्य असते असा त्यांचा समज. प्रत्यक्षात या खेळातली जादू फार पसारा करते. बहुतेक मंत्रांना तोंडाने ठरावीक सुरात उच्चार लागतात, हातवारे लागतात, साहित्य लागतं. फायरबॉलचं साहित्य आहे वटवाघळाच्या विष्ठेची गोळी आणि गंधक. (वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा निघतो आणि सोरा-गंधक म्हटलं की दारूगोळा, ज्याने हे लिहिलं त्याने हसतच लिहिलं असणार.) जो लुटारू मांत्रिक तीन दिवस एका खिंडीत तळ ठोकून बसला आहे त्याच्या तळाला कसला वास येत असेल याची कल्पना करा. पार्टीला वाऱ्यावर तो वास येऊ द्या. खिंडीच्या तोंडाशी गोलाकार जळलेलं गवत दिसू द्या, चाळीस फूट रुंद, काठ आखल्यासारखा. आदल्या गावातल्या खानावळीत एखादा व्यापारी भुवया जळालेल्या अवस्थेत सूप पिताना भेटू द्या. अर्कानाचा, म्हणजे जादूच्या जाणकारीचा, फासा टाकायचा ज्याला सुचेल त्याला कळेल, ज्याला नाही सुचणार तो म्हणेल, “वणवा असेल,” आणि पुढे चालेल. दोन्ही ठीक. “वणवा असेल” हाही निर्णयच आहे, आणि तो त्यांनी घेतला आहे.

झाडाआडून मारणं न्याय्य का, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. वालीने मरता मरता रामाला तेच विचारलं आणि त्या उत्तरावर कीर्तनकार आणि नास्तिक आजतागायत झुंजतात. वाल्मीकींनी मात्र एक काम चोख केलं, आणि डीएमनी शिकायचं ते तिथे. सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान देतो तेव्हा तारा वालीला अडवते. नुकताच मार खाऊन पळालेला माणूस इतक्या लगेच परत येऊन गर्जतो, म्हणजे त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, असं ती सांगते. अंगदाला हेरांकडून राम-लक्ष्मणांची बातमी लागल्याचंही सांगते. वाली ऐकत नाही. नीतीचा निकाल काहीही लावा, वालीच्या खेळाडूला “मला कळायला मार्गच नव्हता” असं म्हणता येणार नाही.

मंत्र पडल्यानंतरच्या पाळीचं काय? इथे मी डीएमला एकच पथ्य सांगेन: मांत्रिकाकडे हवे तेवढे जीवघेणे मंत्र असू देत, पहिला मंत्र मैदान बदलणारा असावा, माणूस संपवणारा नसावा. वेब घ्या. दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, वीस फुटी घनभर चिकट जाळं. फायटर अडकला. तो ताकदीचा फासा टाकून तडातड जाळं तोडू शकतो. ‘रोग’, म्हणजे पार्टीतला चोर, कडेला होता, तो सेव्ह साधून सुटला आणि त्याने मांत्रिकाला बाण मारला. मांत्रिकाला आता मंत्र टिकवण्यासाठी कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह करावा लागेल, १० किंवा लागलेल्याच्या निम्मे, जे जास्त असेल ते, आणि चुकला तर जाळं गायब. राहता राहिला विझार्ड. त्याच्याकडे मशाल आहे. जाळं पेटतं. त्या जाळ्यात क्लेरिक आहे, जिने कालच लुटीच्या वाटणीत त्याला खोटं पाडलं होतं. जाळं पेटवावं की नाही? सगळं टेबल पुढे झुकतं, क्लेरिकवाली सगळ्यात जास्त. तो मांत्रिक दुसऱ्या पाळीत फायरबॉल टाकणारच आहे, त्याची सगळ्यांना कल्पना आहे, आणि त्याआधी प्रत्येकाला काहीतरी करायचं आहे. फॉग क्लाउड, सायलेन्स, एंटँगल हेही याच कुळातले. सायलेन्समध्ये तर तोंडी उच्चाराचे मंत्र चालतच नाहीत, पण वीस फुटांच्या बाहेर पाय टाकला की पुन्हा वाचा फुटते. उत्तर समोर दिसतं. तिथवर पोहोचायची घाई हीच मजा.

यावर पहिला आक्षेप वास्तवाचा. शत्रूला अक्कल आहे, तो तुम्हाला पाळी कशाला देईल? मराठी टेबलावर हा आक्षेप छाती फुगवून येतो, कारण गनिमी काव्याच्या मुलखात घाताला शिष्टाचार कसले शिकवता! ठीक आहे, आपण उंबरखिंडच घेऊ. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद, झाडीच्या वाटेत अडकली, पुढून-मागून कोंडली गेली, आणि शिवाजी महाराजांनी खंडणी घेऊन तिला जाऊ दिलं. जिंकणाऱ्याला मुडद्यांपेक्षा खंडणी उपयोगाची होती. अक्कल असलेल्या शत्रूला काहीतरी हवं असतं: पैसा, नकाशा, कैदी, वेळ. पहिल्या मिनिटाला दोन सगळ्यात महागडे मंत्र खर्चून चार अनोळखी वाटसरूंचा कोळसा करणारा मांत्रिक धूर्त नसतो, उधळ्या असतो. शिवाय अगदी वास्तवाचीच भाषा करायची तर डीएमकडे राक्षसांचा पुरवठा अमर्याद आहे. त्याने जिंकायचं ठरवलं तर त्याला घाताचीही गरज नाही, आकाशातून ड्रॅगन पाडला तरी पुरे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: खेळाडू स्वतः हेच करतात. पास विदाउट ट्रेसने सगळ्यांच्या स्टेल्थला दहा वाढवून घेतात, पहारेकऱ्यावर सायलेन्स टाकतात, झोपलेल्या ओग्रला जागा होऊ देत नाहीत, आणि वर टाळ्या वाजवतात. मग राक्षसांनी काय पाप केलं? पाप काही नाही. फरक एवढाच की ओग्र शनिवार मोकळा करून आलेला नसतो. त्याच्या मरणाने कुणाचं पात्र जात नाही. डीएम पुढच्या पानावर जातो. खेळाडूंचा घात हा त्यांचा निर्णय असतो, डीएमचा घात हा त्यांच्यावर लादलेला प्रसंग. दोन्ही बाजू समान आहेत असं मानायला हा खेळ बुद्धिबळ नाही. तरी आक्षेपातला एक कण खरा आहे: जी पार्टी दर वेळी झोपेत गळे कापते तिने पहारा न ठेवता झोपावं आणि मग ओरडावं, याला माझी सहानुभूती नाही.

तिसरा आक्षेप असा की सूचना आणि पाळ्या वाटत बसलं तर भीती उरणार नाही. याचं उत्तर ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या, म्हणजे १२७ व्या अंकातल्या रॉजर मूर यांच्या संपादकीयात आहे. टकर नावाच्या डीएमच्या डंजनमधले कोबोल्ड, खेळातले सगळ्यात किरकोळ प्राणी, वरच्या लेव्हलच्या पात्रांना आग, अडवलेल्या वाटा आणि भिंतींतल्या फटींच्या जोरावर पळता भुई थोडी करायचे. त्या कोबोल्डांकडे महाभयंकर मंत्र नव्हते, आणि ते तिथे आहेत हे पार्टीला आधीपासून पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर त्या मजल्यावर जायचं नाव काढलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. ज्याची चाहूलच लागली नाही त्याला घाबरायला वेळ कुठून मिळणार?

एका बाबतीत मात्र मी डीएमना मुळीच सूट देणार नाही. घात हाताबाहेर गेला, पार्टी मरायला लागली, की काही दयाळू डीएम पडद्याआड फासे खोटे वाचतात. आठ षटकारांचा फायरबॉल अचानक अकराचा होतो. सूचना दिली असेल आणि पाळी दिली असेल तर मरू द्या. दिली नसेल तर खोट्या फाशाने ती भरून निघत नाही, आणि खेळाडू दुधखुळे नसतात, त्यांना आकड्यांचा वास येतो. त्याऐवजी खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे पॅसिव्ह पर्सेप्शनचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. मग ऐन खिंडीत “सगळ्यांनी पर्सेप्शन टाका” म्हणून घाताची जाहिरात करावी लागत नाही.

आणि खेळाडूंनो, अलार्म हा पहिल्या लेव्हलचा मंत्र आहे. रिचुअल म्हणून टाकला तर अकरा मिनिटं लागतात, स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या कोट्यातली जागा, खर्च होत नाही, आणि मंत्र आठ तास टिकतो. मुक्कामाला टाकत जा.